मुंज्यानं धरणं आणि नशा तुटणं: कादंबरीत दोघांची घड्याळं वेगळी

खानापूरकडचं गाव, सतरा वर्षांचा मुलगा, तिसरी रात्र. झोप नाही, अंग घामानं भिजलेलं, कोपऱ्यात कोणीतरी उभं आहे अशी त्याची खात्री. आज्जी म्हणते, "पिंपळाखालनं आलाय, मुंज्यानं धरलंय." मित्राला माहीत आहे की सोमवारपासून याच्या गोळ्या बंद आहेत. भूत, व्यसन आणि मित्राचा दगा असलेल्या कुमारांसाठीच्या अद्भुत कादंबरीत हा प्रसंग हमखास येतो आणि बहुतेक वेळा इथंच गोष्ट फसते. वाचकाला दोन्ही शक्यता खऱ्या वाटल्या तर उत्तमच. लिहिणाऱ्याला मात्र नेमकं काय चाललंय ते ठाऊक हवं.

भुताचं घड्याळ बाहेर टांगलेलं असतं. अमावास्या, तिन्हीसांज, ठरलेलं झाड, मोडलेला नवस. नशा तुटण्याचं घड्याळ शेवटच्या घोटापासून किंवा शेवटच्या गोळीपासून चालू होतं आणि त्याला पंचांग कळत नाही. म्हणून हस्तलिखिताच्या समासात प्रत्येक प्रसंगाशेजारी दोन नोंदी ठेवाव्यात: आज तिथी कुठली, आणि शेवटची नशा होऊन किती तास झाले.

दारूचे तास पाहू. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी सोडली तर ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं. १२ ते २४ तासांत काहींना आवाज ऐकू येतात, माणसं दिसतात, पण आपण कुठे आहोत याचं भान शाबूत असतं. पहिल्या ४८ तासांत आकडी येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना पूर्ण भ्रम होतो: ताप, धावणारी नाडी, भिंतीवर मुंग्या नाहीतर उंदीर, घरचं माणूस ओळखू न येणं. हा भ्रम रात्री वाढतो, त्यामुळे भुताचा संशय आणखी घट्ट होतो. यात जीव जाऊ शकतो. हे काम दवाखान्याचंच. तिथे आकडी आणि थरथर आवरणारी औषधं देतात, ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात.

या भ्रमाची एक खूण लेखकाच्या फार उपयोगाची आहे. हात जुनं काम करत राहतात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत वीस वर्षं पोती शिवलेला काका खाटेवर बसून हवेत दाभण खुपसतो, सुतळी ओढतो, गाठ मारतो, सुतळी दातानं तोडतो. मग पुढचं पोतं. दुसऱ्याच कोणाचा जीव अंगात आलाय असं घरच्यांना वाटतं, पण ते त्याचंच अंग त्याचंच काम आठवत असतं. मुंज्यानं धरलेला मात्र स्वतःला माहीत नसलेलं बोलायला हवा: बुजलेल्या विहिरीची जागा, पणजोबांनी कोणाला दिलेला शब्द. आपल्याच डोक्यात नसलेलं काही तो बोलला तरच कादंबरीत भूत आहे.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक वयाची आहे. असा पूर्ण भ्रम सहसा बरीच वर्षं रोज पिणाऱ्याला होतो. अकरावीतला मुलगा चार महिने चोर्ल्याच्या घाटातून आलेल्या गोव्याच्या बाटल्या पितो आणि त्याला भिंतीवर उंदीर दिसतात, हे जाणत्या वाचकाला पटत नाही. तो भ्रम बापाला किंवा काकाला द्यावा. मुलाच्या वाट्याला येतं ते वेगळं.

गांजा सोडला की एक ते तीन दिवसांत चिडचिड सुरू होते, भूक मरते, झोप तुटते आणि स्वप्नं इतकी ठसठशीत पडतात की जागेपणीही खरी वाटतात. पहिल्या आठवड्यात हे शिगेला असतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. स्वप्नात येणारा मुंजा लिहायचा असेल तर याहून चांगली जमीन नाही, आणि वाचकालाही शेवटपर्यंत ठरवता येणार नाही. अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या तुटल्या तर बहुधा ८ ते २४ तासांत जांभया, डोळ्यांना-नाकाला पाणी, पोटात पिळवट, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वाईट, आठवड्याभरात उतार. गर्दुल्ल्यांच्या बोलीत ही 'टर्की'. यात अंगावर खरोखर काटा येतो आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. भयकथेत काटा फुकट वाटतात. इथं तो लक्षण आहे, म्हणून भुताच्या प्रसंगी काटा वापरू नये. त्याला दुसरी खूण द्यावी. वारा नसताना एकाच फांदीची पानं हलणं पुरेसं आहे.

पंक्चरचं सोल्युशन किंवा व्हाइटनर हुंगणाऱ्याला भास होतात ते नशा चढलेली असताना, उतरल्यावर नव्हे. ओठांभोवती पुरळ, रुमालाला रसायनाचा वास. त्या वाफांमुळे हृदय ॲड्रिनलीनला नको तितकं संवेदनशील होतं. अशा वेळी मुलगा एकदम दचकला किंवा जिवाच्या आकांतानं पळाला तर हृदयाची लय बिघडून जागच्या जागी मरू शकतो. पिंपळाखाली भेदरून मेला, भुतानं मारलं, असं गाव म्हणेल. म्हणून असा मुलगा सापडला तर त्याच्यावर ओरडू नये, पाठलाग करू नये. मोकळ्या हवेत शांत बसवावं. कादंबरीतल्या शहाण्या पात्रानंही तेच करावं.

मुंज्याबद्दल थोडं. मुंज झाली पण सोडमुंज (ब्रह्मचर्य संपवण्याचा विधी) व्हायच्या आधी मेला, तो मुंजा. म्हणजे तो स्वतःच मोठा व्हायचा राहिलेला पोरगा आहे. पिंपळावर राहतो, हट्टी असतो, पण खवीस-वेताळाइतका क्रूर नसतो. व्यसनात अडकलेल्या पोराला आरसा दाखवायला आमच्या मते यापेक्षा योग्य भूत मराठीत नाही. चकवा वेगळा. जांबोटी-कणकुंबीच्या रानात तो माणसाला त्याच जागी फिरवतो. बसून राहिलात तर उजाडताच सुटतो. त्याला कोणाशी वैर नसतं, तेव्हा दग्याच्या गोष्टीत तो फारसा कामाचा नाही.

देवीचं अंगात येणं यात मिसळू नये. चिंचलीच्या मायाक्काच्या किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत ढोल आणि भंडाऱ्याबरोबर वारं येतं, लोक पाया पडून प्रश्न विचारतात, वारं उतरतं आणि बाई पाणी पिऊन घरी जाते. तिथं वेळ, जागा आणि मान ठरलेला असतो. त्याला आजार म्हणून लिहिणं चूक, आणि आजाराला 'वारं आलं' म्हणून लिहिणं त्याहून चूक.

आज्जीनं मीठ-मोहरी-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या आणि ठसका आला नाही म्हणून "बघ, दृष्ट होती" म्हटलं, तर ते पाच मिनिटांचं आहे. दवाखान्याची गाडी उशिरा बोलावली जात नाही तोवर अपाय नाही. नाकाशी मिरचीची धुरी धरणं, साखळीनं बांधणं, छडीनं मारणं हे मात्र कर्नाटकाच्या २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो २०२० पासून लागू आहे. आकडी आली तर कांदा-चप्पल हुंगवण्याऐवजी कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, पाच मिनिटांवर गेली तर १०८. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे क्रमांक पात्राच्या मोबाइलमध्ये असू द्यावेत. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून गाडीनं काही फार लांब नाही.

आता दगा. इथंही दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. आईच्या भिशीतले पैसे काढणं, "ट्यूशनला गेलतो" म्हणणं, आक्काच्या चपलेत गोळ्या लपवणं, हे पुरवठा टिकवायचं खोटं आहे. ते लहान असतं, रोजचं असतं आणि समोर कोणीही असलं तरी तेच असतं. दगा एकदाच होतो, एकाच माणसाशी होतो आणि करणाऱ्यापुढे दुसरी वाट मोकळी असते. गोळ्या पुरवणाऱ्यानं नाव फुटू नये म्हणून मित्राला पोलिसांपुढे ढकललं, तो दगा. उलट मित्रानं आईला सगळं सांगितलं तर त्या पोराला तोच सर्वांत मोठा दगा वाटतो, आणि तो प्रसंग त्याच्याच डोळ्यांनी लिहावा:

"सांगणार नाही म्हणालतास."

"म्हणालतो. खरं तू परवा रात्री श्वास घ्यायचा थांबलतास."

हे दुसरं वाक्य हवेत राहू नये म्हणून मागचे दिवस मोजून घ्यावेत. महिनाभर गोळ्या सोडलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी पचायचा तो डोस आता श्वास बंद पाडू शकतो. म्हणजे पोरगा आधी तीन-चार आठवडे गोळ्यांपासून दूर राहिलेला हवा, मग घसरलेला हवा, आणि त्या रात्री बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या हव्यात. मोठ्या बाहुल्या लिहिल्या तर ती टर्की झाली, आणि मित्राकडे आईला सांगायचं कारणच उरत नाही.