एकाच घरात सर्ब, क्रोएट आणि युगोस्लाव्ह: बोस्नियातल्या ओळखीची पार्श्वभूमी

बोस्नियात सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक (म्हणजे तिथले मुस्लिम) हे तीन समाज आज पक्के वेगळे मानले जातात, पण भाषा जवळजवळ एकच आणि चेहऱ्यावरून तर कोण कुठला ते कळायचंच नाही. मग हे वेगळेपण आलं कुठून? १४६३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी बोस्निया जिंकला, पुढे हळूहळू बऱ्याच स्थानिकांनी इस्लाम स्वीकारला, आणि सरकारदरबारी माणसाची नोंद धर्मावरून व्हायची, राष्ट्र वगैरे भानगड तेव्हा नव्हतीच. ती आली १९व्या शतकात. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन असेल तर सर्ब, कॅथलिक असेल तर क्रोएट असं समीकरण बसत गेलं आणि मुस्लिम मात्र मधल्यामधे लटकले, कारण दोन्हीकडचे म्हणणार की हे मूळचे आमचेच.

१८७८ ला ऑस्ट्रिया-हंगेरीने ताबा घेतला. त्यांचा कारभारी बेंजामिन काल्लाय याने तिघांनाही मिळून एकच 'बोस्नियाक' ओळख द्यायचा घाट घातला, हेतू अर्थात सर्ब आणि क्रोएट राष्ट्रवादाला पाचर मारायचा. नाही रुजलं ते. दोन महायुद्धांच्या मधे, बोस्निया युगोस्लाव्हिया या मोठ्या देशाचा भाग असताना, मुस्लिमांचे मोठे पुढारी होते मेहमेद स्पाहो, ते स्वतःला युगोस्लाव्ह म्हणवायचे, एक भाऊ क्रोएट म्हणवायचा आणि दुसरा सर्ब. सख्खे भाऊ हां!

खरी गंमत जनगणनेत आहे. १९४८ ला मुस्लिमांना पर्याय काय, तर सर्ब-मुस्लिम, क्रोएट-मुस्लिम, नाहीतर 'अनिर्णित', आणि बहुतेकांनी अनिर्णितच लिहिलं. १९५३ ला मुस्लिम हा रकानाच गायब, १९६१ ला वांशिक गट म्हणून परत आला आणि १९७१ मध्ये थेट स्वतंत्र राष्ट्रीयत्व. युगोस्लाव्हियाचा कम्युनिस्ट नेता टिटो याच्या सरकारने ही ओळख तयार केली असं सर्रास म्हणतात, मला ते अर्धवट वाटतं, लोकांनी समोर ठेवलेले पर्याय इतकी वर्षं नाकारले नसते तर सरकार कशाला हललं असतं?

१९९१ मध्ये बोस्नियातल्या साडेपाच टक्के लोकांनी 'युगोस्लाव्ह' लिहिलं होतं, त्यात मिश्र लग्नांच्या घरातले बरेच. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं आणि या लोकांना उभं राहायला जागाच उरली नाही. १९९३ मध्ये मुस्लिमांनी बोस्नियाक हे नाव घेतलं, म्हणजे काल्लायने सगळ्यांसाठी काढलेलं नाव शेवटी एकाच समाजाचं झालं. युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारातल्या घटनेत तिघे 'घटक समाज' ठरले आणि बाकीचे सगळे 'इतर'. तीन सदस्यांच्या राष्ट्राध्यक्ष मंडळावर इतरांना उभंच राहता येत नाही, म्हणून रोमा समाजाचे देर्वो सेजदिच आणि ज्यू समाजाचे याकोब फिंची युरोपियन मानवाधिकार कोर्टात गेले, २००९ मध्ये जिंकलेही, पण निकालानंतर कित्येक वर्षं घटनेतली ती अट हललीच नाही.