पावसात टायरची हवा कमी करायची का?
"पावसात टायरमधली हवा थोडी कमी ठेवा, ग्रिप वाढते" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. वाळूत ते चालतं, म्हणून पटतंही. पण ओल्या रस्त्यावर टायरला आधी पाणी बाजूला ढकलायचं असतं, ते काम खाचा करतात. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटायला लागतात, पाणी खाली अडकतं आणि स्पीडला टायर चक्क पाण्यावर तरंगतो, मग ना ब्रेक लागत ना स्टिअरिंग ऐकत. योग्य प्रेशर बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलेलं असतं, टायर थंड असताना तेवढंच भरा. आणि खाचांत आडव्या पट्ट्या असतात बघा, १.६ मिमी उंचीच्या, रबर झिजून त्यांच्या लेव्हलला आलं की टायर बदलायचाच, पावसासाठी तर त्याच्या बरंच आधी.