श्रीलंका सहल, तिसरा दिवस: सिगिरिया आणि दांबुल्ला (पालकांसाठी माहिती)

या दिवशी मुलं दोनच ठिकाणं पाहतील. सकाळी सिगिरिया, दुपारनंतर दांबुल्लाची लेणी. 'पोलोन्नारुवाही (जुन्या राजधानीचे अवशेष) त्याच दिवशी का उरकत नाही?' असं बरेच पालक विचारतात. उरकता येईल, पण मग मुलांचा दिवस बसमध्येच जातो. म्हणून आम्ही ते टाळतो.

सिगिरिया म्हणजे सपाट रानातून सुमारे २०० मीटर सरळ वर उठलेला कातळ. वडिलांना, धातुसेनाला मारून गादीवर बसलेल्या कश्यप राजाने पाचव्या शतकात अनुराधपूर सोडून इथे राजधानी वसवली. भाऊ मोगल्लान सैन्य घेऊन परत येईल ही धास्ती होती, आणि इ. स. ४९५च्या सुमारास तो आलाच. वर जायला साधारण १२०० पायऱ्या आहेत. उन्हात त्या जीव काढतात, म्हणून नाश्ता डब्यात बांधून पहाटेच निघायचं.

मधल्या टप्प्यावर कातळाच्या कुशीत अप्सरांची चित्रं आहेत. अजिंठा पाहिलेल्या मुलांना ती ओळखीची वाटतील. तिथे फोटो काढायला मनाई आहे. शेजारीच आरसा भिंत. एके काळी तिच्यात प्रतिबिंब दिसे म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनी चित्रांतल्या बायकांवर रचलेल्या सिंहली कविता तिच्यावर बारीक अक्षरांत कोरलेल्या आहेत. आज मात्र तिथे काही कोरणं गुन्हा आहे. २०१५ साली नाव कोरणाऱ्या एका तरुणीला दोन वर्षांची कैद झाली होती. राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली म्हणून ती सुटली. आपल्या गडांवर बदाम काढणाऱ्यांना हे घरूनच सांगून ठेवा.

शेवटचा लोखंडी जिना सिंहाच्या दोन प्रचंड पंजांमधून वर जातो. उंचीची भीती वाटणाऱ्या मुलांनी पंजांपाशीच थांबावं. आमचा एक माणूस तिथे त्यांच्यासोबत असेल. कड्यावर मधमाश्यांची पोळी असतात, त्यामुळे आरडाओरडा अजिबात नको.

दांबुल्लाला पाच लेणी आहेत. पहिल्यात अखंड खडकात कोरलेली सुमारे १४ मीटर लांबीची निद्रिस्त बुद्धमूर्ती. दुसऱ्यात छतातून झिरपणारं पाणी एका भांड्यात थेंबथेंब साठत असतं. ते मुलांना हमखास दाखवतो. इथे रोज पूजा होते, तेव्हा खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. बुद्धाकडे पाठ करून सेल्फी नको, बुद्धाचं चित्र छापलेला टी-शर्टही नको. चपला लेण्यांच्या प्रवेशद्वाराशी काढाव्या लागतात आणि दुपारी कातळ चांगलाच तापतो. मोज्यांचा एक जादा जोड द्या. खाऊ पिशवीत बंद ठेवायचा, कारण माकडं हातातला ओढतात.

दम्याचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर निघण्याआधी आम्हाला लेखी कळवा. तिथलं आणि आपलं घड्याळ एकच आहे. मुलं संध्याकाळी हॉटेलवर पोहोचली की शिक्षक पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकतील. त्यानंतर खुशाल फोन करा.