बंदीजनांचे व्यसनमुक्ती उपचार, कोल्हापूर

बंदीजनांचे व्यसनमुक्ती उपचार : दारू, गांजा, एमडी (मेफेड्रोन), ब्राऊन शुगर (भेसळीचे हेरॉइन), नशेची इंजेक्शने अशा पदार्थांच्या आहारी गेलेल्या कैद्यांवर तुरुंगात असताना आणि सुटकेनंतर केले जाणारे वैद्यकीय व मानसिक उपचार. कोल्हापुरात या विषयाचा संबंध मुख्यतः दोन ठिकाणांशी येतो. एक कळंबा मध्यवर्ती कारागृह आणि दुसरे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले सीपीआर किंवा थोरला दवाखाना. या दोहोंमधले अंतर रिक्षाने फार नाही. उपचाराचा धागा मात्र नेमका याच रस्त्यावर तुटतो.

‘आत गेला की आपोआप सुटंल’ हे घरच्यांचे नेहमीचे वाक्य. पदार्थ मिळेनासा होणे आणि व्यसन सुटणे यांत फरक आहे. शिवाय भिंतीआड पदार्थ मिळत नाही, हेही पुरते खरे नाही. कळंब्याच्या भिंतीवरून गांजा आणि मोबाइल आत फेकल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांना नव्या नाहीत.

जिल्ह्याचा भूगोल व्यसनाला सोयीचा आहे. एका बाजूला गोव्याची स्वस्त दारू घाटवाटांनी येते, दुसऱ्या बाजूला कर्नाटकाची हद्द असल्याने महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा सहज मिळतो. टपरीवरचा मावा तर कोणी व्यसनात धरतच नाही. चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडीत नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखाना उघडकीस आणला, तेव्हा हा शहरी पदार्थ गावाच्या शिवारात पोहोचल्याचे सर्वांना कळले. तरीही येथील मुख्य व्यसन दारूच. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळालेला असतो.

तुरुंगातल्या उपचाराची खरी अडचण इथेच सुरू होते. गांजा किंवा एमडीच्या गुन्ह्यात आलेल्याच्या कागदावर पदार्थाचे नाव ठळक असते. दारुड्याच्या कागदावर मारामारी, चोरी, बायकोचा छळ अशी कलमे असतात, दारूचा उल्लेख असलाच तर घटनेच्या वर्णनात. शरीराचा हिशेब उलटा आहे. गांजा बंद झाला तर झोप उडते, चिडचिड होते, जेवण जात नाही. ब्राऊन शुगरची ‘टर्की’ (अंग मोडणे, जुलाब, नाका-डोळ्यांतून पाणी) असह्य असली तरी तिने माणूस सहसा दगावत नाही. एमडी सुटल्यावर माणूस आधी झोपतो आणि मग खोल उदासीत जातो, त्यामुळे त्याने स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करू नये यासाठी पहारा लागतो. दारू एकाएकी बंद झाली, तर मात्र जीव जाऊ शकतो.

रोज सकाळी उठल्याउठल्या ‘क्वार्टर’ लागणारा माणूस अटकेनंतर कळंब्यात पोहोचेपर्यंत एखादा दिवस उलटलेला असतो. पहिल्या सकाळी चहा घेताना हात इतके थरथरतात की निम्मा चहा बोटांवर सांडतो. घाम फुटतो, अन्न पोटात ठरत नाही. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो. अंगावरचे नसलेले किडे तो झटकत बसतो, बराकीच्या कोपऱ्यात कोणी उभे आहे म्हणून ओरडतो. शेजारचे म्हणतात, नाटक करतोय किंवा बाहेरचं काहीतरी लागलंय. खरे तर ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. तिच्यावरचे औषधही महाग नाही. डायझेपाम किंवा लोराझेपामच्या गोळ्या, ज्यांची मात्रा चढती नव्हे तर उतरती ठेवायची, आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने, तीही ग्लुकोज लावण्याआधी. हे सारे तुरुंगातल्या दवाखान्यात करता येते. झटके थांबत नसतील तर सीपीआर गाठावे लागते, आणि त्यासाठी पोलिसांची ‘कैदी पार्टी’, म्हणजे कैद्याला बाहेर नेणारी तुकडी, मिळावी लागते. ती दुसऱ्या बंदोबस्तात गुंतली असेल तर खोळंबा ठरलेला. म्हणून नव्या बंद्याला आत घेतानाच्या तपासणीत ‘शेवटचं कधी प्यायलास आणि किती’ एवढे दोन प्रश्न विचारणे कोणत्याही समुपदेशनापेक्षा मोलाचे ठरते. विचारण्याच्या सुरावरही बरेच अवलंबून आहे. दरडावून विचारले की प्रत्येक जण निर्व्यसनी असतो.

कायद्यात तरतुदी आहेत. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (१९८५) कलम ३९ नुसार अल्प प्रमाणातील गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला न्यायालय तिच्या संमतीने, शिक्षा न सुनावता, बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकते. कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देते, पण उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येते. अल्प प्रमाण म्हणजे हेरॉइन ५ ग्रॅम, चरस १०० ग्रॅम, गांजा १ किलोपर्यंत. दारूपायी गुन्हा केलेल्यासाठी अशी वाट नाही. मात्र मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही आजारच मानतो, आणि कलम १०३ मध्ये बंद्यांच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकतो. ही कलमे वकिलाने मागितल्याशिवाय सहसा कामाला येत नाहीत. ज्याच्याकडे वकील नाही, त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

आतल्या उपचाराचा पुढचा भाग बोलण्याचा. गटात बसणे, तलफ कशाने येते ते ओळखणे, घरच्यांना मुलाखतीच्या (भेटीच्या) वेळी यात सामील करणे. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने या कामाची मराठी भाषा घडवली. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या सभांतला ‘फक्त आजचा दिवस’ हा मंत्रही आता मराठीच वाटतो. ब्राऊन शुगरसारख्या अफूजन्य पदार्थांच्या व्यसनींसाठी दिल्लीच्या तिहार तुरुंगात ब्युप्रेनॉर्फिन या औषधाचे पर्यायी उपचार दिले गेले आहेत. कोल्हापूरच्या गरजेशी त्याचा संबंध थोडा, कारण दारू किंवा एमडीला असा पर्यायी पदार्थ नाही.

सुटकेचा दिवस सर्वांत धोक्याचा. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३० हजारांवर कैद्यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांत अतिसेवनाने मरण्याचा धोका सर्वसामान्यांच्या १२९ पट आढळला. कारण साधे आहे. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते, हात मात्र जुनेच माप घेतो. कोल्हापुरात अफूजन्य पदार्थ कमी असले, तरी दारूबाबतही जुने माप अंगावर येतेच. पक्क्या (शिक्षा लागलेल्या) कैद्याच्या सुटकेची तारीख आधी ठाऊक असते, त्याची सोय करता येते. पण देशातले सुमारे तीन चतुर्थांश बंदी कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले, आहेत. त्यांचा जामीन कधी होईल हे त्यांनाही माहीत नसते. जामिनाचा कागद आला की तासा-दोन तासांत गडी बाहेर. गोळ्यांची चिठ्ठी आत राहते, आणि दाराशी सासऱ्याच्या आधी दोस्त मोटारसायकल घेऊन उभे असतात. ‘सुटलास, चल’ एवढेच ते म्हणतात, आणि कुठे ते सांगावे लागत नाही.

म्हणून सुटताना किमान दोन आठवड्यांच्या गोळ्या, केसपेपरची प्रत आणि सीपीआरच्या मनोविकार विभागात जायची तारीख हातात असणे हाच या उपचाराचा कणा. त्या काळात नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट तलफ कमी करते. डायसल्फिरामची गोळी चालू असताना दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ही गोळी नवऱ्याला न सांगता आमटीत घालण्याची युक्ती शेजारणी एकमेकींना सांगतात. ती जिवावर बेतू शकते, कारण शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. खाजगी केंद्रांच्या माणसांना बोलावून माणूस उचलून नेणे ही दुसरी पळवाट. केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे, आणि नातेवाइकांच्या अर्जावरून दाखल केलेल्याला मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ खाली एका वेळी ३० दिवसांहून अधिक ठेवता येत नाही, हे घरच्यांना बहुधा कोणी सांगत नाही. १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांक विनाशुल्क आहे.

या साऱ्याच्या आधीपासून चालत आलेला उपाय म्हणजे माळ. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू बंद, हा करार अख्खे गाव पाळायला लावते. आषाढीला कोल्हापूरहून प्रतिपंढरपूर नंदवाळला निघणाऱ्या दिंडीत आणि पुईखडीच्या रिंगणात अशी माणसे सापडतात. तिथे त्यांना नवे दोस्त मिळतात, ही गोष्ट कोणत्याही गोळीला साधत नाही. डॉक्टर मंडळींचे माळेशी वैर नाही, पण एक फरक ते सांगतात. दवाखान्यात एखादा घसरला तर तो आजाराचाच भाग धरतात आणि दुसऱ्या दिवशी या म्हणतात. माळ घातलेला एकदा प्यायला की शरमेने माळ काढून खुंटीला अडकवतो, दिंडीकडे जात नाही आणि सीपीआरकडेही नाही.