झेड-1

जर्मन अभियंता कोनराड त्सूझे (22 जून 1910 – 18 डिसेंबर 1995) यांनी 1936 ते 1938 या काळात बर्लिनमध्ये बांधलेला यांत्रिक संगणक. द्विमान (फक्त 0 आणि 1 हे अंक वापरणाऱ्या) पद्धतीने चालणारे आणि छिद्रे पाडलेल्या पट्टीवरून आज्ञा वाचणारे हे सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक. मोटर विजेवर चालत असली, तरी आकडेमोड सगळी पत्र्याच्या पट्ट्यांच्या सरकण्यातून होई.

त्सूझे यांचे शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे. बांधकामावरील भारांची गणिते करताना एकात एक गुंतलेली समीकरणे सोडवावी लागत. त्यासाठी छापील तक्ते असत. एका चौकटीतला आकडा दुसरीतल्या आकड्याने गुणायचा, उत्तर तिसरीत लिहायचे, असे तासन्‌तास चाले. क्रम आधीच ठरलेला असेल, तर हे काम माणसाने कशाला करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. हिशेबाचा आपल्याला कंटाळा होता, असे ते स्वतःच सांगत. हेन्शेल विमान कारखान्यातली नोकरी त्यांनी थोड्याच काळात सोडली आणि आईवडिलांच्या घरातच यंत्र उभारायला घेतले. पैसा घरच्यांचा आणि मित्रांचा. पट्ट्या कापायलाही मित्रच. एकोणिसाव्या शतकात दाते असलेल्या चाकांवर चालणाऱ्या गणनयंत्रांची रचना करणारे इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्या कामाची त्यांना तेव्हा माहिती नव्हती, आणि ते एका अर्थी बरेच झाले. दहा दात्यांच्या चाकांच्या वाटेला ते गेलेच नाहीत.

यंत्राचा मूळ घटक अगदी साधा. खाच पाडलेली पट्टी, तिच्यात अडकवलेली छोटी दांडी. दांडी खाचेच्या एका टोकाला असली तर 0, दुसऱ्या टोकाला असली तर 1. दांडी कुठे आहे त्यावरून शेजारची पट्टी ओढली जाणार की जागीच राहणार, हे ठरे. अशा पट्ट्यांचे थर एकावर एक रचून बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार साधले होते. संख्या 22 अंकस्थानांच्या, त्याही फ्लोटिंग पॉइंट रूपात, म्हणजे संख्येचे अंक आणि तिच्या बिंदूची जागा वेगवेगळी नोंदवून. गती सेकंदाला साधारण एक फेरा. आज्ञा 35 मिलिमीटरच्या चित्रपट फिल्मवर छिद्रे पाडून दिल्या जात. अट तपासून आज्ञांचा क्रम बदलण्याची सोय मात्र नव्हती.

यंत्र भरवशाने कधी चालले नाही. हाताने कापलेल्या पट्ट्यांत बारीक फरक राही, आणि हजारो सांध्यांतून तो साठत गेला की अंकगणित विभाग अडके. स्मृतिभाग मात्र चांगला चालला. त्याच्या पट्ट्यांना संख्या जपून ठेवण्यापलीकडे फार काही करायचे नव्हते. म्हणून त्सूझे यांच्या पुढच्या झेड-2 या यंत्रात आकडेमोड दूरध्वनीच्या रिलेंकडे, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांकडे गेली, पण स्मृती यांत्रिकच राहिली. 12 मे 1941 रोजी दाखवलेल्या झेड-3 मध्ये स्मृतीसकट सारे रिलेंचे होते. झेड-4 मध्ये पत्र्याची स्मृती परत आली आणि 1950 पासून झुरिकच्या तंत्रशास्त्र संस्थेत ती रोजच्या वापरात होती. जुनी कल्पना टाकाऊ नव्हती, याचा याहून चांगला पुरावा नाही.

मूळ झेड-1 आणि त्याचे आराखडे दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत नष्ट झाले. पंचाहत्तरी उलटल्यावर त्सूझे यांनी आराखडे पुन्हा काढले. त्यांवरून 1989 पर्यंत बांधलेली प्रतिकृती बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयात आहे.