अमेरिकेतली ग्रामीण काउंटी आणि "पहिले तीन दिवस तुमचं तुम्ही बघा", हे आलं कुठून?

अमेरिकेतल्या कुठल्याही ग्रामीण काउंटीचं आपत्तीबद्दलचं पत्रक घ्या, त्यात एक गोष्ट ठरलेली असते, की मोठं संकट आलं तर निदान तीन दिवस मदत पोचणार नाही असं धरून चाला. माणशी रोज एक गॅलन पाणी, म्हणजे साधारण पावणेचार लिटर, शिवाय टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, औषधं, कागदपत्रं. यादी साधीच आहे हो, पण इतकं श्रीमंत सरकार आपल्याच लोकांना लेखी सांगतं की आम्हाला यायला उशीर होईल, याची मला गंमत वाटते. आणि त्यामागे बराच इतिहास आहे.

आधी काउंटी म्हणजे काय ते. राज्याच्या खालचं प्रशासन, देशात अशा 3,000 हून जास्त आहेत. काही अवाढव्य शहरी, काही अगदीच ओसाड, टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत 2020 च्या जनगणनेत 64 माणसं निघाली. ग्रामीण काउंटीत इमर्जन्सी मॅनेजर, म्हणजे आपत्तीचं काम बघणारा अधिकारी, हा बऱ्याचदा पार्टटाइम असतो किंवा एकच माणूस दोन-तीन पदं सांभाळतो, फायर ब्रिगेड बहुतेक ठिकाणी गावातल्या स्वयंसेवकांची, आणि हॉस्पिटल पुष्कळदा शेजारच्या काउंटीत.

वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारने मदतीत हात घातला तो पहिल्यांदा 1803 मध्ये. न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला मोठी आग लागली होती, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तिथल्या व्यापाऱ्यांना सवलत देणारा कायदा केला. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं हेच, संकट आलं की त्या संकटापुरता वेगळा ठराव. 1927 ला मिसिसिपीला महापूर आला, लाखो लोक बेघर झाले, तरी छावण्या आणि जेवणाचा खर्च मुख्यतः रेड क्रॉसने देणग्यांमधून केला, सरकारी तिजोरीतून पूरग्रस्तांच्या हातात थेट पैसे पडले नाहीत. नंतर 1928 च्या कायद्याने बांध वगैरे बांधायची जबाबदारी मात्र केंद्राने घेतली.

इशाऱ्यांचं तर विचारूच नका. 18 मार्च 1925 ला एकच टॉर्नेडो मिसुरी, इलिनॉय, इंडियाना असा तीन राज्यांतून 200 मैलांच्या वर गेला आणि 695 माणसं मेली, आणि त्या काळात हवामान खातं अंदाजात "टॉर्नेडो" हा शब्दच वापरत नव्हतं, का तर लोक घाबरतील! 1948 मध्ये ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर दोन लष्करी अधिकाऱ्यांनी टॉर्नेडोचा अंदाज आधी वर्तवून दाखवला, तेव्हा कुठे ही भीड हळूहळू चेपली.

मग घरात सामान भरून ठेवायचं हे कुठून आलं? तर अणुबॉम्बच्या भीतीतून. 1950 मध्ये सिव्हिल डिफेन्सचं केंद्रीय खातं उघडलं आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी "ग्रँडमाज पँट्री" नावाची मोहीम काढली, घरात सात दिवसांचं खाणं-पाणी ठेवा, पूर्वी आजी कशी अडीअडचणीला पुरेल इतकं साठवून ठेवायची तसं. डबाबंद अन्न, रेडिओ, टॉर्च, म्हणजे आजच्या यादीतलं बरंच काही तेव्हाच ठरलं होतं.

पण खरी गोम मला वेगळीच वाटते, आणि ती म्हणजे वीज. 1930 च्या दशकाच्या मध्यात तिकडे दहापैकी जेमतेम एका शेतघरात लाइट होती. हातपंप, लाकडावरची शेगडी, बटाटे-गाजरं ठेवायला तळघर, आणि ओक्लाहोमा-कॅन्ससकडे तर वादळात लपायला अंगणातच जमिनीखाली खोली. वादळ आलं तर छप्पर उडेल, पण चूल आणि पाणी चालू. 1935 मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची योजना आली आणि वीसेक वर्षांत जवळपास सगळीकडे तारा पोचल्या, आयुष्य सोपं झालं यात वादच नाही, पण विहिरीवर इलेक्ट्रिक पंप बसला आणि हातपंप गेला. आता लाइट गेली की नळाला पाणी नाही, फ्रीझर बंद, बऱ्याच घरांत हीटरचा पंखाही बंद. शहरात लाइट गेली तरी पाणी बहुधा काही काळ येत राहतं, इथे त्याच मिनिटाला थांबतं. त्यात ग्रामीण भागात मोबाइल होमचं, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या घरांचं प्रमाण जास्त, त्याला ना तळघर ना भक्कम पाया, टॉर्नेडोत सगळ्यात धोक्याची जागा तीच.

सरकारी बाजूला 1979 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरनी विखुरलेली खाती एकत्र करून फेमा ही आपत्ती व्यवस्थापनाची केंद्रीय संस्था काढली, 1988 ला केंद्राची मदत कशी मिळेल ते ठरवणारा स्टॅफर्ड कायदा आला. त्याची रचना अशी की आधी काउंटीने झेपेल तेवढं करायचं, मग राज्य, आणि राज्याच्याही आवाक्याबाहेर गेलं तर गव्हर्नरने राष्ट्राध्यक्षांकडे मागणी करायची. म्हणजे उशीर त्या रचनेतच आहे, कोणी आळशी आहे म्हणून नाही. 2000 च्या कायद्याने काउंट्यांना आधीच धोक्यांचा आराखडा करायला लावलं, नाहीतर ठरावीक निधी नाही. 2003 मध्ये लोकांना संकटासाठी तयार राहायला सांगणारी "रेडी" ही सरकारी मोहीम सुरू झाली, ती मुळात दहशतवादाच्या धास्तीने, आणि तीन दिवसांचा किट घरोघरी माहीत झाला.

आता तीन दिवसही कमीच पडतात. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ काउंट्यांतले रस्ते-पूल वाहून गेले, काही वस्त्यांपर्यंत सामान खेचरांवरून न्यावं लागलं. ओरेगनमध्ये तर "दोन आठवडे तयार राहा" असंच सांगतात, कारण तिथल्या किनाऱ्यासमोर कॅस्केडिया भूकंपपट्टा आहे, त्याचा शेवटचा महाभूकंप जानेवारी 1700 मध्ये झाला आणि त्याची तारीख जपानमधल्या त्सुनामीच्या जुन्या नोंदींवरून कळली.

दोन आठवडे म्हणजे चार माणसांना 56 गॅलन, 200 लिटरच्या वर पाणी, आणि गुरं असली तर हा हिशोब तिथेच कोलमडतो. म्हणून लोक जनरेटर घेतात, पंप त्याच्यावर चालवतात, पण लाइट गेल्यावर तो घरात किंवा गॅरेजमध्ये लावून कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात, दर मोठ्या वादळानंतर अशा बातम्या येतातच. त्यामुळे तिकडच्या सूचनांमध्ये आता हेही सांगतात, की जनरेटर बाहेरच लावा, दारं-खिडक्यांपासून निदान 20 फूट लांब.