नागगोळी आणि साखर-सोड्याचा साप

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझा भाचा पिठीसाखरेचा डबा आणि खायच्या सोड्याची पुडी घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "मामा, नागगोळी घरीच करता येते. आई म्हणाली, आधी तुला विचार." त्याने मोबाइलवर पाहिलं होतं: वाळूच्या ढिगावर पांढरी पूड, भोवती ज्वाळा आणि मधून वळवळत वर येणारा काळा, जाडजूड साप. नागगोळीतूनही असाच साप निघतो. मग दोन्ही एकच, आणि घरचं ते चांगलं, असा त्याचा सरळ हिशेब होता.

साप सारखा दिसतो हे खरं आहे. पण गोळी वेगळी, आग वेगळी, धूर वेगळा आणि भीती कशाची बाळगायची तेही वेगळं. हा घोळ मोठ्यांच्याही डोक्यात असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी साम्य. दोन्ही साप म्हणजे घट्ट झालेला फेस. ढोकळ्याच्या पिठात सोडा पडला की बुडबुडे उठतात. पीठ चिकट असल्याने ते अडकतात, आणि वाफेने पीठ शिजलं की जाळी कायमची राहते. सापाचंही तसंच. तापल्यावर काळा कोळसा होईल असा एक पदार्थ लागतो, त्याच वेळी वायू सुटावा लागतो, आणि कोळसा होण्याआधी काही क्षण तो पदार्थ चिकट, पाकासारखा असावा लागतो. वायू पातळ द्रवात सुटला तर फुटून जातो, घट्ट दगडात सुटला तर तडा पाडतो. चिकटपणाच्या त्या थोड्या वेळात तो सापडला तरच फुगवटा धरून राहतो. म्हणून तर एवढा लांब साप हातात घेतला की पिसासारखा लागतो. आत बहुतेक पोकळीच असते.

हे एवढं साम्य सोडलं तर पुढे वाटा फुटतात.

साखर-सोड्याच्या सापात चार चमचे पिठीसाखर आणि एक चमचा खायचा सोडा असतो. खाली वाळू, वाळूत मुरवलेलं स्पिरिट, ते पेटवायचं. उष्णतेने सोडा फुटतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते, मागे धुण्याचा सोडा उरतो. १० ग्रॅम खायच्या सोड्यातून पूर्ण विघटनात सुमारे २.६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. खोलीच्या तापमानाला तो जवळजवळ १.४ लिटर जागा व्यापतो, आणि ज्वाळेजवळच्या उष्णतेत त्याहून कितीतरी जास्त. दुसरीकडे साखर वितळते, तांबूस होते, मग काळी पडते. तिच्यातलं पाणी निघून जातं आणि कार्बन मागे राहतो. साखरेच्या वजनात सुमारे ४२ टक्के कार्बन असतो. म्हणजे ४० ग्रॅम साखरेत १७ ग्रॅमच्या आसपास. त्यातला काही जळून जातो, उरलेल्याचा साप होतो.

साप गोळा न होता लांब का होतो, हे मला लहानपणापासून छळत होतं. उत्तर साधं आहे. फुगलेला कोळसा उष्णता आत जाऊ देत नाही, त्यामुळे वरचा भाग थंडावून घट्ट होतो. तापतो तो फक्त तळाचा भाग. तिथे नवा फेस तयार होतो आणि जुन्याला वर ढकलतो. वाऱ्याने ज्वाळा एका बाजूला झुकली की त्या बाजूचा फेस जास्त वाढतो आणि साप दुसरीकडे वाकतो. त्याचं वळवळणं म्हणजे हे असमान वाढणं.

आणि ही आग बाहेरची आहे, हे मुख्य. साखरेचा साप स्वतःच्या बळावर वाढत नाही. स्पिरिट संपलं, ज्वाळा विझली की तोही थांबतो. म्हणून हा प्रयोग संथ चालतो, दहा-दहा मिनिटं रेंगाळतो.

नागगोळीचं तसं नाही. तिच्यात डांबराच्या जातीचा जड, कार्बनने भरलेला पदार्थ असतो आणि त्याच्या जोडीला जळायला ऑक्सिजन पुरवणारा घटकही दाबून बसवलेला असतो. काडी लावून आपण बाजूला झालो तरी गोळी जळत राहते, कारण तिची शिदोरी तिच्या पोटातच असते. क्षणात फणा उगारल्यासारखी फुगते आणि थोड्याच वेळात खेळ संपतो. फरशीवर काळा गोल डाग मात्र राहतो. आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर असे डाग शेजारी शेजारी होते, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत घासूनही ते गेले नव्हते. हा डाग साखरेच्या जळक्या पाकाचा नसतो. डांबराचा चिकट अंश आणि काजळी दगडात मुरलेली असते.

इथे एक तिसरा साप मध्ये येतो आणि सगळा गोंधळ वाढवतो. "नागगोळीत पारा असतो" असं बरेच जण ठामपणे सांगतात. त्याचं मूळ १८२१ मध्ये आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीड्रिश व्योलर यांना तेव्हा दिसलं की मर्क्युरी थायोसायनेट नावाचा, पाऱ्यापासून बनलेला पांढरा पदार्थ तापवला की त्यातून प्रचंड फुगलेला, पिवळसर तपकिरी साप बाहेर पडतो. पुढे तो युरोपात खेळणं म्हणून विकला गेला, आणि बायबलातल्या फारोच्या दरबारात अहरोनाच्या काठीचा साप झाला होता, म्हणून त्याला फारोचा साप असं नाव पडलं. पाऱ्याची विषारी वाफ आणि चुकून ती गोळी खाणारी मुलं, यामुळे तो खेळ बंद होत गेला. आजची काळी नागगोळी साधारणपणे या जातीची नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फटाक्यांत पारा, शिसं, आर्सेनिक, अँटिमनी आणि लिथियम वापरायला मनाई केली आहे. रंगावरूनही फरक कळतो: पाऱ्याचा साप पिवळट, डांबराचा काळा.

पण पारा नाही म्हणून नागगोळी निरुपद्रवी ठरत नाही. या लेखामागचं माझं खरं कारण हेच आहे. सुतळी बॉम्ब मोठ्यांनी लावायचा, अनार दादाने, आणि नागगोळी घरातल्या सगळ्यात धाकट्याच्या हातात द्यायची, अशी आपली पद्धत. आवाज नाही, ठिणग्या नाहीत, मग भीती कसली? पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये वेगवेगळ्या फटाक्यांच्या धुरातल्या सूक्ष्म कणांचं मोजमाप केलं. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असे हे कण थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. सर्वांत जास्त उच्चांक गाठला तो नागगोळीने: दर घनमीटर हवेत ६४,५०० मायक्रोग्रॅम. हजाराच्या माळेचा आकडा ३८,५४०, फुलबाजीचा १०,३९० आणि अनारचा ४,८६०. आपल्या देशात या कणांची चोवीस तासांची सरासरी मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. क्षणाचा उच्चांक आणि दिवसाची सरासरी यांची सरळ तुलना करता येत नाही, हे मान्य. तरी बोलकी गोष्ट ही की ज्याला आपण सगळ्यात सौम्य समजतो तोच फटाका यादीत वर आहे, आणि तो लावणारं मूल उकिडवं बसून, नाक त्या धुराच्या वर धरून साप किती लांब होतो ते बघत असतं. माळ लावणारा निदान पळून तरी जातो.

साखर-सोड्याच्या सापाचा धूर त्या मानाने हलका असतो. जळक्या पाकाचा वास येतो, म्हणून तोही मोकळ्या जागेतच करावा. पण त्याचा धोका धुरात नाही, ज्वाळेत आहे, आणि तो तितकाच गंभीर आहे. स्पिरिट किंवा सॅनिटायझरची ज्वाळा दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. साप मध्येच थांबला की मुलांना वाटतं आग विझली, आणि ती बाटली उचलून आणखी थोडं ओततात. त्या क्षणी ज्वाळा धारेवरून बाटलीत शिरते आणि पेटलेली वाफ तोंडातून समोरच्या मुलाच्या अंगावर झेपावते. म्हणून पेटवल्यावर बाटली त्या जागेवर असताच कामा नये. झाकण लावून घरात नेऊन ठेवायची, मगच काडी ओढायची. साप थांबला तर थांबला. विझवायला फुंकर नको. ओली वाळू किंवा स्टीलचं झाकण. पेटवणारा हात मोठ्या माणसाचा, अंगात सुती कपडे, ओढणी बाजूला. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं, टूथपेस्ट नाही.

आणखी एक. घरचा साप संथ वाटतो म्हणून "नागगोळीसारखा झटपट व्हावा" या मोहाने कुणी त्यात सोरा (बंदुकीच्या दारूतला ऑक्सिजन पुरवणारा क्षार) मिसळायला निघालं तर तिथेच थांबवा. त्याने आग बाहेरची राहत नाही, मिश्रणाच्या पोटात जाते, आणि प्रयोगाचा फटाका होतो. साखरेवर आम्ल ओतून निघणारा काळा खांबही मोबाइलवर दिसतो. तो तीव्र गंधकाम्लाचा खेळ आहे आणि त्याची जागा प्रयोगशाळेतच. हत्तीची टूथपेस्ट म्हणून दाखवतात तो पांढरा फेस यातल्या कुणाचाच सख्खा नाही. तो हायड्रोजन पेरॉक्साइडमधून सुटलेला ऑक्सिजन साबणाच्या पाण्यात अडकून होतो, त्यात कोळसा नाही, आणि थोड्या वेळाने तो विरून जातो.

दोन सापांतला फरक हाताला लागेल अशी एक चाचणी आहे. साखरेच्या सापाचा तुकडा पूर्ण गार झाल्यावर चुरून पाण्यात ढवळा, फडक्यातून गाळा. टिपकागदावर हळदीचं पाणी लावून वाळवा आणि त्यावर या गाळलेल्या पाण्याचा थेंब सोडा. पिवळा डाग लालसर होतो. शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हळदीत चुना पडला की कुंकू होतं, तोच हा बदल. कोळशात लपलेला धुण्याचा सोडा पाण्यात उतरलेला असतो. म्हणजे वायू कुठून आला होता, त्याचा पुरावा समोर. नागगोळीच्या राखेवर ही चाचणी करू नका. तिच्यात काय काय आहे ते पुडक्यावर लिहिलेलं नसतं, आणि ती राख हाताला लागूच नये.

भाच्याला मी त्या दिवशी स्पिरिट दिलं नाही. जुन्या लोखंडी पळीत दोन चमचे साखर घेऊन मंद गॅसवर धरली. तिचा पाक झाला, तांबूस झाला, गॅस बंद केला आणि चिमूटभर सोडा टाकला. पळीतला पाक फसफसून काठापर्यंत आला आणि तिथेच थिजला, सोनेरी, जाळीदार. उकळता पाक तेलापेक्षा वाईट चिकटतो, म्हणून त्याला हातभर लांब उभं केलं होतं. गार झाल्यावर त्याने एक तुकडा मोडून उजेडात धरला, आतली भोकं पाहिली. "हे काळं झालं असतं तर साप," तो म्हणाला. मी पळी पुन्हा गॅसवर ठेवली, उरलेला पाक काळा होईपर्यंत. मग आम्ही हळदीचा कागद वाळत घातला.